शेवटच्या रांगेतली सून

"सूनबाई, पुढं बसायचं नाही. सगळ्यांत मागं जायचं, शेवटच्या माणसाच्या शेजारी. त्याला ऐकू येतंय का, तेवढं मला येऊन सांगायचं."

तुळशीला पाणी घालताना वृषालीला आप्पांचा तो आवाज आजही जसाच्या तसा ऐकू आला. सव्वीस वर्षं झाली त्याला. हातावरची मेंदी अजून पुरती उतरली नव्हती, तेव्हा सासऱ्यांनी सांगितलेलं ते पहिलं काम. स्वयंपाकघर सासूबाईंनी दाखवलं, देवघर तिचं तिनं शोधून काढलं आणि गाण्याच्या समारोहातली जागा आप्पांनी नेमून दिली. नव्या नवरीला कांद्याच्या वखारीत, चार परक्या माणसांच्या मागं बसवलं म्हणून माहेरच्यांनी नाकं मुरडली होती. वृषालीला मात्र मनातून बरंच वाटलं होतं. देवळातही ती खांबाआडूनच दर्शन घेणारी.

त्या वर्षीचा शेवटचा माणूस वखारीच्या तिसऱ्या खांबाला टेकून बसला होता. ओतूरकडचा एक म्हातारा, कानाला मफलर. वृषालीनं भीतभीत विचारलं, "बाबा, ऐकू येतंय ना?"

"पोरी, तू गप ऱ्हायलीस तर यील."

हे तिनं जाऊन आप्पांना सांगितलं, तेव्हा ते खांद्यावरचं उपरणं तोंडात कोंबून हसले होते. समोर गवईबुवांचा यमन रंगात आलेला, मोठ्यानं हसायची सोय नव्हती.

तेव्हापासून दर पौषात, नवा कांदा यायच्या आत वखार रिकामी झाली की, वृषाली मागं जाऊन बसे आणि दर दोन-चार वर्षांनी तो शेवटचा माणूस आणखी लांब सरके. तिसऱ्या खांबावरून तो वखारीच्या दारात गेला, दारातून अंगणातल्या कडुनिंबाखाली. मग वखार सोडून समारोह शाळेच्या पटांगणात आला आणि शेवटचा माणूस शाळेच्या भिंतीवर चढून बसला. भाजीबाजारातून परतणारे शेतकरी रिकामे क्रेट पालथे घालून त्यावर बसत, आणि तास-दोन तास ऐकून जाऊ म्हणत उजाडेपर्यंत हलत नसत. वाटेत उसात बिबट्या. अंधारातून जाण्यापेक्षा तोडी ऐकलेली बरी. "आपले निम्मे श्रोते बिबट्यानं आणलेत," असं आप्पा चारचौघांत सांगायचे. पण वृषालीला ठाऊक होतं, की बिबट्याच्या भीतीनं बसलेली माणसं पुढच्या वर्षी दिवसाउजेडीच येऊन जागा धरत होती. ट्रॅक्टर चालवणारा एक गडी मारवा सुरू झाला की दोन सुरांत ओळखायचा. जुन्नरातले मांडववाले मुसलमान भाऊ जाजमं अंथरून झाली की घरी न जाता तिथंच कडेला मांडी घालत.

गेली सहा वर्षं समारोह कॉलेजच्या मैदानावर होता. मागच्या साली पाच हजार माणसं होती म्हणतात. वृषालीनं मोजली नव्हती. तिला एवढंच माहीत होतं, की शेवटचा माणूस मैदानाबाहेर, रस्त्याच्या कडेला, पिकअपच्या टपावर बसला होता.

यंदाचा समारोह पस्तिसावा. आप्पांविना पहिला. आषाढात ते गेले.

तुळशीपुढं हात जोडून तिनं देवाची नेहमीची अकरा नावं घेतली आणि पदर सारखा करून ती वखारीकडे निघाली. रविवार होता, समारोहाला सहा दिवस उरले होते आणि घरातली सगळी तिथं जमायची होती.

*

वखारीत कांद्याचा वास वर्षभर मुरलेला. आप्पांच्या लाकडी खुर्चीत कुणीच बसलं नव्हतं. वृषालीचा नवरा तुळशीदास शेजारी स्टूल घेऊन बसला होता, हातात कार्यक्रमाचा कागद. धाकटा दीर नवनाथ पोत्यांच्या थप्पीला टेकून शेंगा फोडत होता. दोघांची बहीण कल्याणी सकाळीच घोडेगावहून आली होती. सासर तिकडचं असलं तरी समारोहाचा आठवडा ती माहेरीच काढायची. सासूबाई, जानकाबाई, दारातल्या उन्हात पाय पसरून वाती वळत होत्या.

"सहा वाजता दिवा लावायचा," तुळशीदास वाचत होता. "सहा दहा, प्रास्ताविक आणि स्वागत, माझं. सहा वीस, बुवांचं गायन. कॅमेरेवाले म्हणलेत, सहा विसाला म्हणजे सहा विसाला. परदेशातली माणसं बघायला बसणार हायेत. पाच मिनिटंसुद्धा इकडं तिकडं चालायचं न्हाई."

"तुझ्या भाषणाला धा मिनिटं पुरतील का, दादा?" नवनाथ म्हणाला. "शाळेच्या गॅदरिंगला अर्धा तास घेतला व्हतास."

"तू शेंगा खा."

कल्याणीनं कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला. "साळुबाई कुठाय यात?"

"तिचं नाव कधी छापलंय आपण? आप्पा म्हणायचे, घरच्या माणसाचं नाव पत्रिकेत घालत न्हाईत. ती येती, बसती, ओवी म्हणती."

"येती म्हणजे? काल मी पारगावला बारशाला गेले व्हते. तिथं गाठ पडली तिची. माझा हात धरून म्हणाली, 'यंदा तुमच्या घरनं कुणी आलं न्हाई गं.'"

तुळशीदासनं नवनाथकडं पाहिलं. "तू गेला न्हाईस?"

"मी? आंबेगाव तालुका तुझ्याकडं हाय."

"तालुका माझ्याकडं, पण साळुबाई जुन्नरची. सगळा जन्म तिचा हितं गेला. ती माझ्या वाटणीत कशी येईल?"

"दोन वरसं झाली ती नातवाकडं पारगावला ऱ्हाती. नातू कारखान्यावर कामाला. मी म्हणलं, पारगाव म्हंजी तुझी बाजू."

"आणि मी म्हणलं, साळुबाई म्हणजे तुझी."

दाराबाहेर जेवायला बसलेल्या हमालांची ताटली वाजली.

झालं काय ते वृषालीला लख्ख दिसलं. आप्पा निमंत्रणं फोनवर देत नसत. मार्गशीर्षात ते बाहेर पडत, घरोघरी जात, चहा घेत आणि तोंडानं बोलावत. त्यांच्याकडं यादी नव्हती, सगळं डोक्यात. त्यांच्या मागं दोघा भावांनी मोठ्या प्रेमानं ती फेरी वाटून घेतली होती, जुन्नर एकाकडं, आंबेगाव एकाकडं, की बापाची चाल मोडायला नको. कुणाच्याच मनात पाप नव्हतं. पण वाटणी केली की मध्ये बांध येतो, आणि जे माणूस आयुष्यभर बांधाच्या एका अंगाला राहून म्हातारपणी दुसऱ्या अंगाला गेलं, ते नेमकं बांधावर राहिलं.

"फोन लाव की मग," कल्याणी म्हणाली. "चूक झाली म्हणावं."

तुळशीदासनं कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. मग हळू आवाजात म्हणाला, "मी एक बोलू का? रागावू नका. झालं ते बरंच झालं असंल."

"दादा!"

"ऐक तरी. वय काय तिचं? ऐंशी. मागच्या साली तिला दुसरी ओवी पुरी करता आली का? मधीच दम तुटला. माईकपुढं नुसता श्वास ऐकू येत व्हता. तवा आप्पा व्हते, त्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून लोकांनी वाजवल्या. यंदा आप्पा न्हाईत. पहिलंच वरीस. सगळा तालुका बघतोय, बापामागं पोरं काय करत्यात." त्यानं स्टूल पुढं ओढलं. "मला काय ती नकोय का? मला लहानपणी कडेवर घेतलेलं हाय तिनं. पण पाच हजार माणसं. म्हातारीचं हसू झालं तर?"

नवनाथ शेंगा खायचा थांबला. चूक आपली निम्मी आहे, हे त्याला डाचत होतं. एरवी भावाच्या बाजूनं बोलणारा तो एकदम उसळला. "हसंल कोण? हसून दाखवावं कुणी. तिच्याशिवाय समारोह चालू करायचा न्हाई. आप्पांनी शब्द दिलेला हाय तिला."

"तू गाणार हायेस का तिच्याऐवजी?"

"तू भाषण करतोस तर मी गायला काय हरकत हाय?"

कल्याणी इतका वेळ नवनाथच्या बाजूला वाटत होती, तीच आता डोक्याला हात लावून म्हणाली, "दादाचंबी खरं हाय रे. काल मी बघितलं तिला. बोलतानाबी दम लागतो. असं करू, गाडी पाठवून मानानं आणू, पुढच्या रांगेत बसवू, शाल-नारळ देऊ. गायला नको लावायला. मानबी ऱ्हाईल अन् त्रासबी न्हाई."

"हां, हे बरोबर," तुळशीदास म्हणाला.

नवनाथही थोडा सैल पडला. "शाल देताना आपण तिघंबी स्टेजवर जाऊ. फोटो चांगला येईल."

"फोटोच लावा मग तिचा," जानकाबाई उन्हातून म्हणाल्या. हातातली वात त्यांनी ताटलीत ठेवली. "हार घाला, उदबत्ती लावा. जित्या माणसाला फोटोवानी बसवायला निघालाय तुमी."

"आई, तसं न्हाई..."

"मग कसं? तुमाला काय आठवतंय त्या वरसाचं? तू चौदा वरसाचा व्हतास, तुळशी. झोपला व्हतास पोत्यावर."

जानकाबाई बोलू लागल्या तसं सगळ्यांना ठाऊक असलेलं ते पुन्हा एकदा वखारीत उभं राहिलं. तालुक्यात तमाशाच्या राहुट्या, बाऱ्या, ढोलकी. तिथं शास्त्रीय गाणं ठेवतो म्हणून सगळा बाजार आप्पांना हसला होता. पहिल्या वर्षी बावीस माणसं आली. त्यांतली नऊ घरची. पुण्याहून येणाऱ्या गवयांची एसटी खेडच्या घाटात बंद पडली. सहाचे सात झाले, साताचे साडेसात, माणसं धोतर झटकून उठू लागली. आप्पा दारात उभे, तोंड कोरडं पडलेलं. आणि वखारीच्या कोपऱ्यात कांदा निवडणाऱ्या बायका दिवसाचं काम संपवून उठत होत्या. त्यांतली साळुबाई खाली बसली. कुणी सांगितलं नव्हतं. जात्यावर म्हणतात तशी तिनं ओवी धरली, मनानंच जुळवलेली:

कांदा गं निवडीते, डोळ्यांत आलं पाणी
रडते म्हणू नका, बाई ही माझी गाणी

"अर्धा उठलेला माणूस तसाच खाली बसला," जानकाबाई म्हणाल्या. "एक झाली, दोन झाल्या, पाऊण तास म्हणत व्हती. गवई आले तवा दारात चपला हातात घेऊन उभे ऱ्हायले, म्हणले, हिचं होऊ द्या, मग मी बसतो. त्या रातीला हे तिला म्हणले, साळुबाई, हितनं पुढं पहिला सूर तुझा. ती म्हणली, अन् तुमी न्हाई ऱ्हायला तर? हे म्हणले, आमची पोरं हायेत."

तुळशीदासनं मान खाली घातली. पण हट्ट सुटला नव्हता. "आई, तवा बावीस माणसं व्हती. आता तिचा आवाज पहिल्या रांगेच्या पुढं जात न्हाई. शेवटच्या माणसाला काय ऐकू येणार?"

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच काहीतरी आठवलं असावं. त्यानं वर पाहिलं. सगळ्यांनीच हळूहळू दाराशी बसलेल्या वृषालीकडं पाहिलं.

या वखारीतल्या बैठकांना ती सव्वीस वर्षं येत होती. चहा आणायला, चहाचे कप न्यायला, आणि आप्पांनी विचारलं तर सांगायला. आप्पा दरवर्षी समारोहाच्या दुसऱ्या दिवशी विचारायचेच. मागच्या वर्षी तेवढं राहून गेलं होतं. त्यांना तापानं घेरलं होतं.

"वहिनी," नवनाथ म्हणाला, "तुम्ही व्हता की मागं. मागच्या साली."

वृषालीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. खोटं बोलायचं नाही, हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम. सोमवार-मंगळवारच्या उपासांपेक्षा जड नेम. आत्ता एक छोटं खोटं बोललं असतं तर सगळं सोपं झालं असतं.

"ऐकू आलं नाही," ती म्हणाली.

तुळशीदासनं सुस्कारा सोडला. त्यात सुटका होती आणि थोडं वाईटही वाटलेलं होतं.

"पिकअपच्या टपावर एक जण होता, शेवटचा. कळंबचा होता, टोमॅटो घालून परत चाललेला. तो वाकून मला म्हणाला, 'ताई, म्हातारी काय म्हणती?' मला ओवी पाठ आहे, मी म्हणून दाखवली, हळू. त्याच्या शेजारी बायको होती, तिला त्यानं सांगितली. खाली क्रेटवर चार जण बसलेले, त्यांनी विचारलं, तिनं त्यांना सांगितली. असं करत ती ओवी आमच्या मागच्या अंगाला सगळीकडं फिरली. साळुबाईचा दम तुटला ना, ते आम्हाला मागं कळलंसुद्धा नाही. आमची ओवी चालूच होती." ती थांबली. इतकं सलग ती कधी बोलत नसे. "त्यानंतर बुवा गायले. त्यांचा आवाज स्वच्छ येत होता, शब्द अन् शब्द. ते लोक ऐकत होते, माना डोलवत होते. पण बुवांचं गाणं कुणी कुणाला सांगितलं नाही."

जानकाबाईंनी वात पुन्हा हातात घेतली. बराच वेळ नुसती बोटांत फिरवत राहिल्या.

"हे तू आप्पांना सांगितलं न्हाईस?" तुळशीदासनं विचारलं.

"ते विचारायच्या आतच आजारी पडले."

"मला का न्हाई सांगितलं मग?"

"तुम्ही विचारलंच नाही, अहो."

नवनाथला हसू आलं, ते त्यानं शेंगेच्या फोलात दडवलं. तुळशीदास मात्र हसला नाही. त्यानं खिशातला पेन काढला, कागद मांडीवर ठेवला आणि 'सहा दहा, प्रास्ताविक आणि स्वागत' या ओळीवर सावकाश रेघ मारली.

"धा मिनिटं झाली मोकळी," तो म्हणाला. "लावा तिला फोन."

"दादा, एवढ्या वरसांत तू केलेलं हे सगळ्यांत चांगलं भाषण," नवनाथ म्हणाला.

*

फोन कल्याणीनं लावला आणि पोत्यावर मधोमध ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा. पलीकडं आधी कोंबड्या ऐकू आल्या, मग नातसून, मग पुष्कळ वेळानं साळुबाई.

"जय भीम. कोण?"

"जय भीम, साळुबाई, मी तुळशीदास. आमची चूक झाली बघा. मी म्हणलं नवनाथ येऊन गेला, नवनाथ म्हणला मी. शनिवारी या. मी गाडी पाठवतो."

"तुळशा का? बरं हाय न्हवं? पत्रिका बघितली बाबा मोबाइलवर, नातवानं दावली. लई झ्याक झाली. केवढं मोठं केलंत रं. तुझा बाप असता तर छाती फुगली असती." आवाजात रुसवा नव्हता; तेच जास्त लागलं. "माझ्यापायी जीव नका घालवू. मी हितनंच बघंन, नातू लावून देतो."

"तसं न्हाई, पहिला सूर तुमचा."

"कुठला सूर अन् कुठलं काय. मागल्या साली फजिती केली मी तुमची. दम पुरला न्हाई. लोक माझ्या पांढऱ्या केसांकडं बघून गप ऱ्हायले. मी स्टेजवरनं उतरले तवाच ठरवलं, आता पुरं. आप्पांला सांगणार व्हते, तवर ते गेले. तुमचं बोलावणं आलं न्हाई, तवा मला वाटलं, पोरांनी माझ्या मनातलं वळखलं."

तुळशीदासनं फोन बहिणीकडं सरकवला. कल्याणीनं फोन उचलायला हात केला, पण त्याआधी वृषाली पुढं सरकली आणि पोत्याशेजारी खाली बसली.

"साळूमावशी, मी वृषाली."

"तू व्हय! मागं बसणारी."

"हो, मीच. तुम्हाला एक सांगायचंय." आणि तिनं पिकअपची, क्रेटवरच्या माणसांची सगळी हकीकत पुन्हा सांगितली, मघापेक्षा सावकाश. कुठलाच शब्द वाढवला नाही. पलीकडच्या कोंबड्याही गप झाल्या.

"माझं मन राखायला सांगतीस का?"

"मी खोटं बोलत नाही, मावशी. मागं तुमचा आवाज पोचला नाही, हेही खरंच सांगितलं की मी."

"ते सांगितलंस खरं." एक लांब श्वास ऐकू आला. "अन् यंदाबी दम तुटला तर?"

"तुटला तर तुटला. तुम्ही पुढं धरा, मागं मी आहे. जिथवर तुमचा आवाज जाईल तिथवर जाईल, पुढं आम्ही नेऊ."

"पाच हजार माणसं असत्यात म्हणं."

"मला तर एका वेळी एकच दिसतो, शेवटचा. तुम्हीही त्याच्याच पुरतं म्हणा."

साळुबाई हसली. खोकला आला, मग पुन्हा हसली. "कोण येणार न्यायला? मोटार नको बाई, बंद काचंत मला मळमळतं. अन् पोरांला धाडू नका. आप्पा येष्टीनं यायचे, पांढरी शेवंती घिऊन. आमच्याकडं हळदकुकू चालत न्हाई, हे त्यांला कधी सांगावं लागलं न्हाई. चहा घ्यायचे, मग म्हणायचे, चला. त्या 'चला'वर मी उठायचे."

"मी येते. मंगळवारी सकाळी. एसटीनं. शनिवारपर्यंत आमच्याकडंच राहा."

"तुझा मंगळवार असतो न्हवं?"

"चहा चालतो मला."

"शब्द देतीस?"

वृषालीनं समोर पाहिलं. नवरा, दीर, नणंद, सासू. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. आजवर या घरात शब्द द्यायचे ते पुरुषांनी, आणि पाळायची वेळ आली की पिठाचे डबे उघडायचे बायकांनी.

"दिला," ती म्हणाली.

फोन बंद झाल्यावर नवनाथ म्हणाला, "दादा, कॅमेरेवाल्यांला काय सांगायचं?"

"सांगू, आमच्याकडं असंच सुरू होतं म्हणून. पस्तीस वरसं." तुळशीदासनं कागद बहिणीकडं दिला. "आणि मागं आणखी कुणाला बसवायला पायजे. एकटी वृषाली कुठं कुठं पुरंल? मैदानाला चार बाजू हायेत."

"मी बसते एका बाजूला," कल्याणी म्हणाली. "मला पाठ हायेत ओव्या. लहानपणापासनं."

"मी दुसऱ्या," नवनाथ म्हणाला.

"तुला येत्यात का?"

"आई शिकवील की. सहा दिवस हायेत."

जानकाबाईंनी वातींची ताटली बाजूला सारली. "बस हितं," त्या धाकट्याला म्हणाल्या. "शेंगा ठेव खाली. तोंड मोकळं कर."

आणि त्या दुपारी कांद्याच्या वखारीत पन्नाशीकडं झुकलेला एक बाप्या आईपुढं मांडी घालून ओवी शिकला. सूर लागेना, जानकाबाई त्याच्या गुडघ्यावर चापट मारून पुन्हा म्हणायला लावीत. तुळशीदास कागदावर काहीतरी लिहीत असल्याचं दाखवत ओठ हलवत होता. वृषालीनं सगळ्यांसाठी चहा टाकला आणि वखारीच्या कोपऱ्यातल्या गॅसपाशी उभी राहून ती ऐकत राहिली.

*

मंगळवारी ती नेहमीपेक्षा लवकर उठली. पूजा झाली, अकरा नावं झाली. तुळशीदास दारात गाडीची किल्ली बोटात फिरवत उभा होता.

"मंचरपर्यंत तरी सोडतो. तिथनं घे पारगावची एसटी."

"नको, अहो. असू द्या."

"थंडी हाय."

"शाल आहे की."

त्यानं किल्ली खिशात टाकली. "मागल्या सव्वीस वरसांत," तो म्हणाला, "मी एकदाबी मागं येऊन बसलो न्हाई तुझ्याजवळ."

"यंदा या," ती म्हणाली. "जागा पुष्कळ असते."

रस्त्यात मैदान लागलं. मांडववाले खांब उभे करत होते, खड्डे खणताना निघालेली ताजी माती दवानं काळी दिसत होती. एकानं तिला ओळखून हात केला, "भाभी, यंदा कुठवर टाकायची जाजमं?"

"रस्त्यापर्यंत टाका," ती म्हणाली. "मी आले की सांगते पुढचं."

स्टँडवर मंचरची गाडी लागलेली होती. शिवनेरीच्या माथ्यावर नुकतं उजाडत होतं. तिनं खिडकीपाशी जागा धरली, पिशवी मांडीवर घेतली. कंडक्टर आला.

"एकट्याच का, ताई?"

"आता एकटी," वृषाली म्हणाली. "परत येताना दोघी असू."